मागच्या पंख्याचं बटण

करंजखिंडीच्या ग्रामपंचायतीत नवा कॉम्प्युटर आला तो रोषणाईसकट. थोरल्या घरचा कुमार हिंजवडीत नोकरीला. त्यानं स्वतःसाठी नवं मशीन घेतलं आणि ज्या जुन्यावर तो सुट्टीभर बंदुकीचे खेळ खेळायचा, ते गावाला दान करून टाकलं. सीपीयूच्या डब्याला एका बाजूनं काच, आत चार पंखे, आणि प्रत्येक पंखा निळा, हिरवा, जांभळा असे रंग बदलत फिरायचा. पहिल्या दिवशी दाखले न्यायला आलेली माणसं दाखला विसरून काचेपुढंच बसली. "गणपतीत लई शोभंल," असं एकानं म्हटलंसुद्धा.

नूतनला शोभेशी देणंघेणं नव्हतं. अकरा वर्षं ती त्या पत्र्याच्या खोलीत ऑपरेटर होती. पंचायतीचा पहिला कॉम्प्युटर खोक्यात आला होता तेव्हा तो तिनंच उघडला होता, शेजारी एक डिक्शनरी घेऊन. चालू करायला तिला दहा मिनिटं लागली होती आणि बंद कसा करायचा हे सापडायला दोन दिवस. तोवर तो चालूच होता. शिकवायला कुणी नव्हतं. त्यामुळं चुकलं तर ओरडायलाही कुणी नव्हतं, आणि म्हणूनच ती शिकली, असं ती हसून सांगायची. हल्ली हसायचं जरा कमी झालं होतं.

कारण दानातल्या मशीनचे पंखे एकाच वेगानं फिरत, आणि तो वेग पिठाच्या गिरणीचा होता. कमीजास्त करणारा आतला भाग कुमारकडे असतानाच जळाला होता. हे त्यानं दान देऊन, हार घालून घेऊन, फोटो काढून झाल्यावर फोनवर सांगितलं. मासिक सभेत त्या घरघरीत एकमेकांना मारलेले टोमणे ऐकू येईनात. एवढ्या लांबून आलेली माणसं अपमान न होताच घरी परत जायला लागली. शेवटी मधल्या घरच्या चिमाजीतात्यांनी उठून डब्यात हात घातला आणि पंख्यांच्या वायरी उपटल्या. मशीन शांत झालं. अर्ध्या तासानं ते तापून बंद पडलं, आणि सातबाऱ्यासाठी आलेली दहा माणसं रिकाम्या हातानं परत गेली. महिन्यात असं तीनदा झालं. तिन्ही वेळा वायरी तात्यांनी उपटल्या आणि बोलणी नूतननं खाल्ली.

"आणखी एकदा बंद पडलं ना नूतनताई," आनंदरावअण्णा म्हणाले, "तर मग तुमी आपलं घर बघा. आमची शेफाली हाय. पुण्यात कोर्स झालाय तिचा. ती बसंल खुर्चीवर."

अण्णा सरपंच नव्हते. सरपंच त्यांच्या मंडळी, पारूबाई. जागा बायकांसाठी राखीव निघाली तेव्हा अण्णांनी पारूबाईंना उभं केलं, आणि निवडून आल्यावर बसवून ठेवलं. सही पारूबाईंची, बाकी तोंड, हात, खिसा सगळं अण्णांचं. शेफाली ही त्यांची नवी सून.

नूतननं कुमारला फोन लावला आणि चार शब्द ऐकवले. कुमारला तशी लाज होती. आठवड्यात मार्गासनीच्या दुकानात त्याचं पार्सल येऊन पडलं. आत फॅन कंट्रोलर: डब्याच्या तोंडावर बसवायची काळी पट्टी, तिच्यावर चार गोल बटणं, प्रत्येक बटणाशेजारी एक बारका दिवा. घरातल्या पंख्याला रेग्युलेटर असतो तसंच. एका पंख्याला एक बटण. डावीकडं शून्य, उजवीकडं फुल. काम असलं की वाढवा, सभा असली की उतरवा. नूतननं व्हिडिओ बघत बघत दुपारभरात ते बसवलं. शेवटी खोक्यात चार स्क्रू आणि एक वायर उरली. एका टोकाला एक तोंड, दुसऱ्या टोकाला चार. कशाची ते कळेना. नूतन काही फेकत नसे. वायर ड्रॉवरमध्ये गेली.

आणि मग तिच्याच जिभेनं घात केला.

कंट्रोलर बघायला तिन्ही घरचे कर्ते जमले होते. थोरल्या घरचे अण्णा, मधल्या घरचे तात्या आणि धाकट्या घरचा हनुमंत. दाराशी, सतरंजीच्या कडेला, हिरड्याच्या माळावरचा सावळा. माळावर धनगरांची बारा घरं. सावळा त्यांचा मेंबर. रोज सकाळी म्हशींचं दूध घेऊन खाली उतरायचा. त्याला कडेला बसायची सवय होती. म्हणजे लावली होती.

"चारच का बटणं?" तात्यांनी विचारलं.

"चार पंखे हायत म्हणून, तात्या," नूतन म्हणाली. आणि थांबायचं तर पुढं म्हणाली, "तीन घरं आन् एक माळ. घ्या वाटून, हाय काय त्यात!"

कुणीही हसलं नाही. नूतनला त्याच क्षणी कळलं की आपण काय करून बसलोय.

करंजखिंडीत सगळं वाटलेलं होतं. होळी पेटवायची थोरल्या घरानं, नारळ टाकायचा मधल्यानं, पहिली बोंब धाकट्याची. लाकडं आणायची माळानं. जत्रेत पालखीचा पुढचा दांडा कुणाचा, मागचा कुणाचा, वाटेत खांदा कुठं बदलायचा, सगळं ठरलेलं. न वाटलेली अशी एकच गोष्ट गावात शिल्लक होती आणि ती आजच पार्सलनं आली होती.

"पयलं बटण आमचं," अण्णा शांतपणे म्हणाले.

"वरचा पंखा पयला की खालचा पयला?" तात्या उठून उभे राहिले.

दीड तासानं निकाल लागला. समोर काचेतून दिसणारे तीन पंखे तीन घरांना. मागचा, भिंतीकडं तोंड करून असलेला आणि कुणाला दिसत नसलेला पंखा माळाला. "सावळा, तुमच्या वस्तीचाबी मान राखला बरं का," अण्णांनी सांगितलं. सावळानं मान डोलावली. मानाचा त्याला अनुभव होता.

पण दुसऱ्या दिवशी दूध घालून तो पंचायतीत आला तो त्या डब्याभोवती फिरायला लागला. घोंगडीतून लोकरीचा एक धागा उपसला आणि पंख्यांसमोर धरला. समोर धागा आत ओढला जात होता, मागं बाहेर उडत होता.

"ताई, हे गोठ्यावानी हाय," तो म्हणाला. "पुढनं वारं शिरतंय आन् मागनं निघतंय. गोठ्यात आढ्याला भोक ठेवलं न्हाई तर म्हशी घामेजत्यात. शिरायला तीन दारं आन् निघायला एकच. ते एक नीट पायजे."

नूतननं व्हिडिओ पाच बघितले होते. इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं. "पंखा भिंतीला भिडलाय," सावळा पुढं म्हणाला आणि त्यानं टेबल हातभर पुढं ओढलं. त्या दिवशी मशीनचं तापमान आठ अंशांनी उतरलं.

इकडं घराघरांत वेगळंच तापत होतं. तात्यांना संशय आला की आपलं बटण कुणीतरी आपल्यामागं उतरवतं. त्यांनी ते पकडून ओढलं, आणि ते हातात आलं. खाली बारीकशी लोखंडी दांडी उरली. तात्यांनी बटण तंबाखूच्या चंचीत टाकलं, दांडीला चिकटपट्टी गुंडाळली आणि घरी गेले. संध्याकाळपर्यंत अण्णांचं बटण त्यांच्या देव्हाऱ्यात पोचलं होतं आणि हनुमंताचं त्याच्या मोटारसायकलच्या किल्लीला लटकलं होतं. तिन्ही दांड्यांना चिकटपट्टी. आता पंखा वाढवायचा तर माणूस बोलवायचा. माणसानं यायचं, पट्टी सोडायची, बटण बसवायचं, फिरवायचं, पुन्हा पट्टी, बटण खिशात.

"तुमचं न्हाई का नेत?" नूतननं सावळाला विचारलं.

"म्या कशाला नेऊ? ज्याला लागंल त्यानं फिरवावं."

मे महिना लागला. गावाचा आराखडा फोटोंसकट वेबसाइटवर चढवायची शेवटची तारीख शुक्रवार, पाच वाजेपर्यंत. चुकली तर शाळेचा पत्रा, टाकीची गळती आणि पाच वर्षं शेवटच्या पानावर राहिलेला माळाचा रस्ता, सगळं पुढच्या वर्षावर. गुरुवारी सभा झाली. सभेत घरघर नको म्हणून पंखे उतरवायचे ठरलं, पण पहिल्यांदा कुणी उतरवायचं? अण्णा उतरवेनात, तात्या तर त्याहून नाही. शेवटी हनुमंतानं एक-दोन-तीन म्हणायचं आणि तिघांनी एकदम शून्यावर आणायचं असा तोडगा निघाला. तीनदा कुणीतरी तिनाऐवजी चारावर फिरवलं, म्हणून चार वेळा मोजावं लागलं. सभा संपल्यावर बटणं खिशात आणि मंडळी घरी.

शुक्रवारी शिवऱ्यात लग्न होतं. अख्खं गाव तिकडं. नूतन दहाला आली तेव्हा समोरचे तीन पंखे रंगीत दिवे लावून निवांत उभे होते, मांडवातल्या पाहुण्यांसारखे. मागचा एकटा फिरत होता.

दारात शेफाली उभी होती. "मामंजींनी पाठवलंय काकू. बघून ये म्हणाले." ती जरा ओशाळली. "बंद पडलं की फोन कर, असं सांगितलंय."

"बस की मग. पडंल इतक्यात," नूतन म्हणाली.

अकरा वाजता आराखड्याची एकशे ब्याऐंशी फोटोंची फाइल उघडताना स्क्रीनवरचा तापमानाचा आकडा नव्वदीवर गेला. वरचा पत्रा कडकड वाजत होता. नूतननं आधी अण्णांना फोन लावला. मागं सनई, पंगतीचा कालवा.

"अण्णा, पट्टी काढून पकडीनं तुमची दांडी फिरवू का? मशीन तापलंय."

"फिरवा की. पण चिमाजीचं किती हाय आत्ता?"

"शून्य."

"मग आमचंच का वाढवायचं? आमचा पंखा राबणार आन् त्यांचा बसून खाणार? आधी त्यांचं वाढवा."

तात्यांना फोन. "थोरल्या घरचं वाढल्यावर आमचं वाढंल. त्यांच्या एक बोट म्होरं. मागं न्हाई. आन् दांडीला हात लावला तर बघा, पट्टीवर म्या सही केलीय."

हनुमंतानं फोन उचललाच नाही. तो वरातीत नाचत होता, किल्लीसकट.

नूतननं फोन टेबलावर ठेवला. अकरा वर्षांत तिनं या खोलीत दोन मॉनिटर, तीन ग्रामसेवक आणि एक उंदीर पालटलेला पाहिला होता. आणि आता एका चिकटपट्टीवरच्या सहीपायी तिची खुर्ची जाणार होती. तिला रडू यायला हवं होतं. आलं हसू, आणि ते येतंय म्हणून मग थोडं रडूही.

"काकू," शेफाली हळूच म्हणाली, "मला नाही हो बसायचं या खुर्चीवर. मी भोरला क्लास लावलाय, बँकेच्या परीक्षेचा. मामंजींना अजून सांगितलं नाही."

तेवढ्यात सावळा आला, दुधाची रिकामी किटली घेऊन. आकडा चौऱ्याण्णव. शंभराला टेकला की मशीन आपोआप बंद. त्यानं काही न विचारता आपलं बटण फुल केलं. मागचा पंखा घोंगावला. आकडा तिथंच अडला, पण उतरेना.

"निघायची वाट हाय, पण शिरतंयच न्हाई काई," सावळा म्हणाला. "त्या तिघांस्नी ह्याच्याच दाव्याला बांधता याचं न्हाई का?"

नूतननं त्याच्याकडं बघितलं. मग ड्रॉवर उघडला. जुनी शाई, रबरबँड, मतदार यादी, त्याखाली ती वायर. एका टोकाला एक तोंड, दुसऱ्या टोकाला चार.

मशीन तिनं स्वतः बंद केलं, रीतसर, म्हणजे ते "बंद पडलं" असं कुणाला म्हणता येऊ नये. शेफालीनं मोबाईलचा उजेड धरला. नूतननं तिन्ही घरच्या पंख्यांच्या वायरी त्यांच्या जागेवरून सोडवल्या आणि चारही पंखे त्या एका वायरीत गुंफून तिचं तोंड सावळाच्या बटणामागं खोचलं. चिकटपट्ट्या जशाच्या तशा. तात्यांची सही अबाधित.

"फिरवा, सावळादादा."

चारही पंखे एकदम उठले. खोलीभर वारं, कागद उडाले, शेफालीचा पदर उडाला. आकडा ऐंशीवर, सत्तरवर, बासष्टवर.

"आन् त्यांची बटणं?" सावळानं विचारलं.

"हायत की. दिवे लागतील, फिरतील."

सावळा बराच वेळ हसला, आवाज न करता, किटलीवर हात ठेवून. आराखडा चार वाजून चाळीस मिनिटांनी चढला. माळाचा रस्ता तिनं पहिल्या पानावर घेतला होता. पानं लावायचा मान अजून कुणाच्या लक्षात आला नव्हता.

पुढच्या मासिक सभेच्या आधी वेल्ह्याहून तालुक्याच्या साहेबांचा फोन आला की वेळेत आलेल्या मोजक्या आराखड्यांत करंजखिंड आहे. अण्णा सभेला नवा फेटा बांधून आले. तिघांनी पट्ट्या सोडून बटणं बसवली आणि फिरवली. बारके दिवे लागले. पंखे सावळानं सकाळीच मध्यावर ठेवले होते. मंद आवाज येत होता.

"बगा, थोरल्या घरानं हात लावला की कसं सुरळीत चालतंय," अण्णा म्हणाले.

"आमच्या एका बोटानं चालतंय ते," तात्या म्हणाले.

नूतन प्रोसिडिंगचं रजिस्टर उघडून बसली होती. विषय क्रमांक चार अण्णांनी ऐनवेळी घातलेला: मागच्या पंख्याचं बटण. विषय पाच: ऑपरेटरला पुढं चालू ठेवण्याबाबत.

"मशीन आता इतकं झ्याक चालतंय," अण्णा म्हणाले, "की कुणीबी चालवंल. नूतनताईंनी केलं, न्हाई म्हणत न्हाई. पण आता शेफालीला बसवावं." अण्णांच्या हिशेबानं बंद पडलं तेव्हा नूतनमुळं पडलं होतं, चालायला लागलं ते बटणांमुळं. "आधी चार नंबर घेऊ. मागचा पंखा दिसतबी न्हाई, तिथं बटण कशाला? सावळाचं बटण काढून टाकावं."

बटण गेलं तर पंखे अडकले. खरं सांगावं तर तीन घरांचे मान तिनं एका वायरीत बांधल्याचं उघड होणार. शेफाली दाराशी उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. अण्णांनी तिच्याकडंच वळून विचारलं, "काय गं, तू शिकल्याली हायस. लागतं का ते मागचं?"

शेफालीनं नूतनकडं बघितलं. मग डोक्यावरचा पदर नीट केला. "मला त्यातलं काही कळत नाही हो मामंजी," ती म्हणाली. "माझा कोर्स टायपिंगचा आहे."

तेवढ्यात नूतनची जीभ पुन्हा सुटली. या वेळी तिनं ती मोकळी सोडली. "काढा की अण्णा. माझी ना न्हाई. फकस्त प्रोसिडिंगला लिवायला सांगा, काढल्यावर ते बटण कुणाच्या घरी जायचं?"

अण्णा म्हणाले, "म्हंजे काय, आमच्या." तात्या म्हणाले, "का? दोन बटणं तुमाला? मग होळीबी दोनदा पेटवा!" हनुमंत म्हणाला की धाकट्याला आजवर काय मिळालं ते सांगा. तिथून विषय पालखीच्या दांड्यावर गेला, दांड्यावरून आज्ज्याच्या काळातल्या एका म्हशीवर.

नूतननं टेबलाच्या कडेला बसलेल्या सावळाकडं बघितलं. सावळानं मान खाली घातली, बसल्या जागेवरून हात लांब केला आणि आपलं बटण उजवीकडं टेकवलं.

चारही पंखे गिरणीसारखे गरजले.

"ओ तात्या, तुमचं उतरवा!" अण्णा ओरडले.

"आमचं शून्यावर हाय! तुमचंच हाय ते!"

"माझा तर दिवाबी इझलाय!" हनुमंत बोंबलला. तिघं तीन बटणं पिळत होते, दिवे लागत होते, विझत होते, आणि प्रत्येकाला दुसऱ्याचं कारस्थान स्पष्ट दिसत होतं. कडेच्या चौथ्या बटणाकडं बघायचं कुणाला सुचलं नाही. कडेला बघायची गावाला सवयच नव्हती.

त्या गदारोळात पारूबाई सरकत सरकत टेबलापाशी आल्या. वर्षभरात सभेत त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी रजिस्टर आपल्याकडं फिरवलं.

"पाच नंबरची सही कुठं करायची?" त्यांनी नूतनच्या कानाशी येऊन विचारलं.

"आधी वाचा तर खरं. म्या अजून लिवलंच न्हाई."

"मग लिव. चालू ठेवण्यात आलं, असं लिव."

नूतननं लिहिलं. घाईत अक्षर तिरकं आलं. पारूबाईंनी पेन घट्ट धरून सावकाश सही केली, सगळी, आडनावासकट. मग अण्णांच्या वळलेल्या पाठीकडं बघत म्हणाल्या, "ते आमच्यातलं बटण म्या रोज धुती, देवांसंगं. लई हलकं हाय गं. त्यानं काय फिरत असंल असं मला पयल्यापास्नं वाटत न्हाई."

विषय क्रमांक चारापुढं नूतननं लिहिलं: एकमत न झाल्याने पुढील सभेत घेण्यात यावा. मग तिनं डोळ्यांनीच खूण केली, आणि सावळानं पंखे उतरवले. थोडेसेच. पूर्ण शांतता नको होती.